पाठवणी वगळून

"एकदा सुरू केलं का मधात थांबवता येत नाही, काकू. फिल्म दीड घंट्याची, तं टेपवर उतरवालेबी दीड घंटा," व्हिडिओवाला प्रभाकर म्हणाला आणि त्याने जयवंताबाईंच्या बैठकीत आणून मांडलेल्या कॉम्प्युटरवरचं बटण दाबलं. वायरीच्या दुसऱ्या टोकाला जुना व्हीसीआर घरघरू लागला.

सौंसर गावात आता कॅसेट कोणी मागत नाही. जयवंताबाईंना हवी होती, कारण नवऱ्याचा, यशवंतरावांचा, मोबाइलवर विश्वास नाही. स्वतःच्या हाताने मशीनमध्ये कॅसेट ढकलली, तरच ते लेकीचं लग्न खरं. दामिनी वीस वर्षांपासून नागपूरला नांदते आहे, हे मात्र त्यांच्या ध्यानातून पार गेलं होतं. रोज दुपारी ते लग्न पाहत. पाठवणी आली की चपला घालत आणि तिला परत आणायला बसस्टँडकडे निघत. सोमवारी हायवेवर सापडले, ट्रकांच्या मधोमध. जुन्या कॅसेटला आता बुरशी धरली होती, तेव्हा नवीन करतानाच जयवंताबाईंनी पाठवणी काढायला सांगितली.

"लग्न मीच शूट केलं होतं, काकू. बिदाईच सगळ्यात मस्त आली होती," प्रभाकरने कापताना कुरकुर केली होती. पाठवणीशिवाय लग्नाची फिल्म त्याला मिठावाचूनच्या वरणासारखी वाटत होती.

पडद्यावर हळद झाली, मंगलाष्टकं झाली. यशवंतराव खुर्चीत पुढे सरकून बघत होते. पंगती बसल्या तशा जयवंताबाईंनी त्यांच्या चपला हळूच आपल्या खुर्चीखाली ओढल्या.

शेवटची पंगत उठली आणि पडदा काळा झाला. प्रभाकरने आणखी मिनिटभर टेप तशीच कोरी जाऊ दिली, मग बंद केली.

यशवंतराव जागचे हलले नाहीत. जयवंताबाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांचे डोळेच भरून आले.

"गेले वाटते सारे पाव्हणे," यशवंतराव समाधानाने म्हणाले. "दामिनीले उठवू नको आता. आतमधी निजली असन. लय दमली."

प्रभाकर चपापला. पाठवणी कापली म्हणजे लेक घरातच राहिली, हे दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"काकू, बिदाई परत जोडून देऊ का?" त्याने विचारलं.

जयवंताबाई नवऱ्याच्या निवांत चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "अन् हळू बोल जरा. पोरगी झोपली हाये."