पाय भुईला टेकेपर्यंत

आश्रुबाचं तेरावं उरकल्यावर सायली दोर लावून कडुलिंबावरच्या माळ्यावर चढली. सत्यभामा खालून लेकीकडं बघत राहिली. रानडुकरांपासून भुईमूग राखायला आश्रुबा याच माळ्यावर बसायचा आणि त्यावरूनच उतरताना पडून गेला. सायली पवनचक्कीवर कामाला. उंचावरून पडू नये म्हणून तिथं कमरेला घालतात तसला पट्टा तिनं बापाला आणून दिला होता आणि पाय भुईला टेकेपर्यंत सोडायचा नाही अशी आण घातली होती. पट्टा वरच सापडला, फांदीला तसाच लोंबकळत. तो मायच्या हातात देताना सायलीला रडू आवरेना. “रोज बांधायचा की. त्याच दिवशी का म्हून सोडला? जलमभर कुणाचं ऐकलं न्हाई बाबानं.” त्या सकाळी चहाची किटली घेऊन सत्यभामा इथूनच ओरडली होती, “किती येळ लावता? च्या निवला. पट्टा सोडा अन् या लौकर.” तिनं पट्टा पोटाशी धरला. “ऐकलं गं. माझं ऐकलं.”