शंका

हृदयाची झडप बदलून घरी आल्यावर दीड महिन्याने धोंडेगुरुजींनी पुन्हा शिकवणी घेतली. अपूर्णांकांची बेरीज शिकवून झाली, तरी एकाही पोराने शंका विचारली नाही. पूर्वी एकटी सुगंधाच पाच वेळा हात वर करायची.

त्यांनी तिची वही पाहिली. तिने छेदांचीही बेरीज करून टाकली होती.

"अगं, विचारलं का नाहीस?"

"आई म्हणाली, गुरुजींना बोलायला लावायचं नाही. दम लागतो."

"आईला सांग, तुम्हा पोरांना शिकवता यावं म्हणूनच मी छाती कापून घेतली!"

पोरं खुदकन हसली. गुरुजी फळ्याकडे वळले आणि खोकल्याची उबळ आली. छातीच्या जखमेवर ताण येऊ नये म्हणून जवळ ठेवलेली उशी छातीशी दाबून ते कितीतरी वेळ खोकत राहिले.

मान वर केली तेव्हा पोरांनी दप्तरं भरली होती.

"समजलं, गुरुजी. सगळं समजलं," सुगंधा रडत म्हणाली.