कडी दाखव

"कडी दाखव," आई म्हणाली.

लेकीने उजव्या हातातला फोन दाराकडे वळवला. कडी लावलेली होती, खालचा बोल्टही लावलेला होता. कामावरून घरी पोचलं की हा कार्यक्रम ठरलेला, गेली सहा वर्षं. परदेशात एकट्या राहणाऱ्या लेकीकडे आईचं एवढंच मागणं होतं.

"आजपण आधीच लावलीस? सरकवताना दिसली नाही."

"लागली ना? मग झालं तर," ती म्हणाली. टेबलाशी बसून तिने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. डावा हात टेबलाखाली होता. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

चार दिवसांपूर्वी बसथांब्यावरून घरी येताना मागून दोघे आले आणि त्यांनी पर्स ओढली. पर्सचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलेला होता. परक्या मुलखात पर्स अशीच धरायची, हा सल्ला आईचा. तो तिने इमानेइतबारे पाळला होता, त्यामुळे पर्स गेली आणि मनगटही गेलं. ती दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामात होती. लोकांच्या जबड्यांचे साचे प्लास्टरमध्ये ओतण्यात तिचा दिवस जायचा. "आता तर चोवीस तास ड्यूटीवर आहेस," असं म्हणून तिथल्या वरिष्ठ कारागिराने तिला घरी पाठवलं. त्यात ती डावरी.

तसं बघितलं तर सहा वर्षांतला हा पहिलाच प्रसंग. पोलिसांनी नीट चौकशी केली. शेजारीण दवाखान्यात घेऊन गेली, दोन तास बाकावर बसून राहिली. पण तेव्हापासून मागे पावलं वाजली की ती पुढे जाईपर्यंत ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची. काल तिने एका कागदावर मधोमध रेघ मारली आणि उजव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत, दोन्हीकडचं लिहून काढलं. इकडच्या बाजूला बरंच काही होतं. आवडीचं काम, पगार, शेजारीण, आणि शेवटी मनगट. तिकडच्या बाजूला तिने एकच ओळ लिहिली: आपलं दार दिवसभर उघडं असतं.

ती एक ओळ सगळ्याला भारी पडली. बाबा घरातच शिवणकाम करायचे. माप द्यायला, ब्लाउज न्यायला, नुसतं बसायला म्हणून माणसं येत-जात राहायची. दार सताड उघडं. कोणी कडी वाजवली तरी "अरे, ये की आत" एवढंच आतून ऐकू यायचं. अशा घरात वाढलेल्या माणसाने इथे जीव मुठीत धरून का राहावं?

नोकरीचा करार वाढवायचा की नाही, हे उद्या कळवायचं होतं. नकाराचं पत्र तिने लिहून ठेवलं होतं. घरी सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि तेही हाताचा विषय न काढता. सल्ला कुणाचा होता हे आईला आठवलं असतं, तर तिने जेवण सोडलं असतं.

"बाबा कुठे आहेत?"

बाबा आईशेजारी सरकले. ऐन उन्हाळ्यात डोक्याला कानटोपी. महिनाभर हेच चाललं होतं. पंख्याचं वारं कानात जातं, असं आईने सांगितलं होतं.

"काय शिंपीबुवा, आज बर्फ पडला वाटतं तिकडे?"

"पडेल, पडेल," बाबा म्हणाले. ते तिच्याकडे टक लावून बघत होते. चाळीस वर्षं माणसांची मापं घेतल्यावर बघायची सवयच तशी होऊन बसते.

"मी परत येतेय," ती म्हणाली. "कायमची. इथे आता भीती वाटते."

"का गं? काही झालं का?"

"काही नाही. पेपरात वाचते ना रोज. आपल्याकडे कसं, दाराला कडी असते हेसुद्धा आठवत नाही."

लेक परत येणार म्हटल्यावर एरवी आईला आभाळ ठेंगणं झालं असतं. आज मात्र तिने नुसतं बाबांकडे बघितलं.

तेवढ्यात तिकडे बेल वाजली. आपल्या घराला बेल आहे, हेच तिला ठाऊक नव्हतं.

आई उठून गेली. "कोण आहे? आधी नाव सांगा," तिचा आवाज आला. ओळखीचं नाव ऐकू आलं. मग साखळी खळखळली. एक बोल्ट ओढला गेला, मग दुसरा. मग कुलपात किल्ली फिरली. तिकडे दुपारचे तीन वाजले होते.

ती ऐकत राहिली. समोर पडलेल्या कागदावर तिकडची बाजू आता रिकामी झाली होती. उद्या काय कळवायचं, तिला काही सुचेना. सहा वर्षं आईने रोज तिची कडी बघितली होती. तुझी दाखव, असं तिने आईला एकदाही म्हटलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "टोपी काढा."

बाबांनी दाराकडे बघितलं. आई अजून बोलत उभी होती.

"काढतो," ते म्हणाले. "डॉक्टरने टाके काही धड घातलेले नाहीत, हसू नकोस. पण चार दिवस तुझा डावा खांदा बोटभर उतरलेला दिसतोय. आधी तो हात टेबलावर घे."