उजवा कौल

देवीच्या दोन्ही खांद्यांवर सारखीच फुलं, एकाच तांब्यातल्या पाण्याने, एकाच हाताने चिकटवली होती. उजवं लगेच गळलं. पुन्हा लावलं, पुन्हा गळलं. डावं दुपारपर्यंत जागचं हललं नाही.

उजवं फूल आधी पडलं, म्हणजे उजवा कौल, देवीचा होकार: ती गाव सोडून जायला तयार. विंझर गावच्या भावकीने हात जोडले.

देवी म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेली एक बाई. चेहरा सोडून सगळीकडे शेंदूर. ती जिच्या घरात पुजली जायची, त्या रतनबाईंचे सासरे दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. जर्मनांनी मागे टाकलेल्या ट्रकात त्यांना ती सापडली. मूळ मालक व्हिएन्नाचे एक ज्यू संग्राहक. नाझींनी त्यांचं घर लुटलं, पत्नीला छावणीत मारलं. चित्रातली बाई तीच. त्यांची नात लेआ आता ते चित्र न्यायला आली होती. आजीचा एवढा एकच चेहरा जगात उरला होता.

लेआसोबत आलेल्या भोरच्या सौदामिनीचं काम जुन्या चित्रांच्या रसायनशास्त्राचं. फळीमागचा शिक्का आणि रंग तपासून तिने ओळख पक्की केली होती. परंतु पुराव्याने देवी हलत नाही.

"कागुद तुमचा, देवी आमची," रतनबाईंचा पुतण्या हनुमंत म्हणाला होता. "ती जाते म्हनली, तर टेम्पो म्या सोता काढतो."

रतनबाईंनी तर पाहुण्यांना चहासुद्धा विचारला नव्हता. कौल लावल्याशिवाय फळी उंबऱ्याबाहेर जाणार नाही, असं त्यांनी ठणकावलं होतं. आदल्या संध्याकाळी लेआ त्या चेहऱ्यासमोर रडू लागली, तेव्हा रतनबाई सौदामिनीला एवढंच म्हणाल्या, "तिला सांग, तिच्या आजीला आमी कवा उपाशी ठेवलं न्हाई."

आता हनुमंतच टेम्पोत गवत अंथरत होता. देवी माहेरी निघाली म्हणून बायकांनी लेआची ओटी भरली. हलगी वाजू लागली. मार्गासनी गावापर्यंत पोचवायला अर्धं गाव निघालं. रतनबाई तेवढ्या दारातच थांबल्या.

गुंडाळण्यापूर्वी सौदामिनीने सवयीप्रमाणे दोन्ही खांद्यांवरून कापसाचे बोळे फिरवले. डावा बोळा कोरडा निघाला. उजवा ओशट. तिने तो हुंगला, दाराकडे एकदा पाहिलं आणि बोळा मुकाट्याने पर्समध्ये टाकला.

उजव्या खांद्यावर ताजं लोणी चोळलेलं होतं. आणि त्या सकाळी देवीला अंघोळ घालायला आत गेलेल्या एकट्या रतनबाई होत्या.