सर्वांत गडद पट्टी

बुरुलाईने बाटलीचं झाकण उचललं, आतली कागदाची पट्टी पाहिली आणि झाकण घाईघाईने परत बसवलं.

"एजे, लबाडी!" टेबलाभोवतीची पोरं ओरडली. सगळी तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायची. "आम्हालाही दाखवा!"

दर वसंतात गावोगावच्या शाळा विद्यापीठाची प्रयोगशाळा बघायला यायच्या. मुलांनी आपापल्या घरचं पाणी आणायचं. बुरुलाई त्यात भुकटी टाकायची, झाकणाला पांढरी पट्टी लटकवायची. वीस मिनिटांनी जिची पट्टी सर्वांत गडद, ती बाटली जिंकली. खेळ तिनेच काढला होता. मुलांच्या पट्ट्या कोऱ्याच निघायच्या आणि शेवटी तिने स्वतः सोमल घालून ठेवलेल्या बाटलीतून तपकिरी पट्टी बाहेर आली की हशा पिकायचा. बक्षिसाची वही सात वर्षं कपाटात तशीच पडून होती.

आज तिची बाटली दुसरी आली होती.

"जिपारा जिंकली! जिपाराने एजेला हरवलं!"

जिपारा खालच्या वस्तीतली, सहावीतली, दोन वेण्यांची. ती लाजून लाल झाली. वर्गात तिचा नंबर आजवर कशातच आला नव्हता, हे पोरांच्या ओरडण्यावरूनच कळत होतं.

बुरुलाईने पोरांसोबत आलेल्या मास्तरांना खिडकीपाशी ओढलं. "आगाय, हे पाणी कुठलं?"

"पंपाचं." इशेन आगाय बाहेर बघत म्हणाले. "शाळेलाही तोच पंप आहे."

"त्यात सोमल आहे. थोडाथोडका नाही!"

"माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी सरकारी लोक तपासून गेले, पिऊ नका म्हणून पंपाला लाल रंग लावला. टँकर आला दोन आठवडे. मग टँकर बंद झाला, मग रंगही उडाला."

"मुलांना सांगायला हवं."

"सांगा. मी सांगितलंय. वरच्या वस्तीचा झरा त्यांनाच पुरत नाही. नदी सात कोसांवर. तुम्ही सांगाल, पोरं घाबरतील, संध्याकाळी घरी जातील आणि तेच पितील." मग त्यांनी आवाज खाली आणला. "उकळलं तर?"

"उकळून जात नाही, आगाय. पाणी आटतं, विष आणखी दाट होतं."

त्यांनी मान हलवली. एवढी एकच आशा उरली होती त्यांना, तीही आज तिने काढून घेतली. बुरुलाईला स्वतःचा राग आला. सात वर्षं ती हा खेळ खेळवत होती, आणि एखाद्या बाटलीत विष खरंच निघालं तर पुढे काय करायचं, हे तिने एकदाही ठरवलं नव्हतं.

तिने वही दिली. टाळ्या झाल्या. जिपाराने पट्टी मागून घेतली आणि वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवली.

बुरुलाईला राहवलं नाही. ती तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "जिपारा, हे ऐक. हे पाणी चांगलं नाही. ते प्यायचं नाही ग."

"बरं एजे," जिपारा शहाण्यासारखी म्हणाली. "मग कुठलं प्यायचं?"

खडू कुठे, दार कुठे, असं विचारावं तितक्या साधेपणाने तिने विचारलं होतं, आणि ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली. बुरुलाईने मास्तरांकडे पाहिलं. तेही तिच्याकडेच पाहत होते, जणू या बाईला तरी ठाऊक असेल.

"मी लिहीन," बुरुलाई म्हणाली. "आजच लिहीन, वरपर्यंत."

जिपाराला ते उत्तर वाटलं नसावं. पण एजेचे डोळे भरून आलेले तिने पाहिले, आणि मोठ्या माणसाला धीर द्यायची जी एक रीत तिला ठाऊक होती ती तिने केली. पिशवीतलं फडकं सोडून तंदूरची रोटी पुढे धरली.

"आईने पहाटे भाजली, तुमच्यासाठी. आमच्याच पाण्यात मळलीय."

पुढ्यात आलेल्या रोटीला निदान तोंड तरी लावावं लागतं. बोलायला लागायच्या आधी बुरुलाई हे शिकली होती. तिने तुकडा मोडला. सगळा वर्ग बघत होता. तिने तो चावला आणि गिळला.

"छान झालीय," ती म्हणाली. आणि खरंच छान झाली होती.

खाली बस हॉर्न वाजवत होती. जिपारा दारापर्यंत गेली आणि धावत परत आली. तिने आपली अर्धी भरलेली बाटली बुरुलाईच्या बाटलीशेजारी नीट ठेवली.

"ही राहू द्या एजे, पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवायला. संपलं तर कळवा. आमच्याकडे हवं तेवढं आहे."