सॅवच्या पिकअपचा निकाल

"गाडी आता... म्हणजे, चेसिसच गंजलीय, सॅव. तिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही." सर्व्हिस काउंटरवरचा ट्रेंट कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला.

काउंटरपलीकडे सॅव मिफ्सुद टोपी मांडीवर ठेवून बसला होता. उसाच्या शेतीत आयुष्य घालवलेला हा म्हातारा ऑस्ट्रेलियातल्या मॅकायच्या या गाड्यांच्या शोरूममध्ये वर्षानुवर्षं सर्व्हिसिंगला यायचा. ट्रेंटची ती दुभती गाय. फिल्टर बदलायला हवा म्हटलं, बदल. इंजिन आतून धुवायला हवं म्हटलं, धू बाबा. गेल्या हिवाळ्यात तर ट्रेंटने चांगले ब्रेक काढायला लावून नवे बसवले होते. वर नाताळात, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, सॅव घरच्या झाडाचे पिशवीभर आंबे आणून द्यायचा. ते खाताना ट्रेंटला लाज वाटायची, पण टार्गेटची तारीख आली की ती कुठल्या कुठे पळायची.

आज मात्र त्याला काही विकायचं नव्हतं. काल सॅवच्या मुलीचा, कार्मेनचा फोन आला होता.

"पप्पांना दिसत नाही हो आता. रविवारी चर्चबाहेर गाडी थेट फुटपाथवर घातली. लिंबूसरबत विकत बसलेली दोन लेकरं थोडक्यात वाचली. किल्ली मागितली तर दोन दिवस जेवले नाहीत. लायसन्सवाल्यांना कळवलं तर जन्मात माझं तोंड बघायचे नाहीत. पण तुमचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिलेला नाही. तेवढं सांगा ना, गाडी संपली म्हणून."

तुमचा शब्द! ट्रेंटला ते रात्रभर झोंबत राहिलं होतं.

मागे वर्कशॉपमध्ये पिकअप लिफ्टवर उभी होती. खालून अगदी धडधाकट. अजून कितीतरी वर्षं निघाली असती.

"गंजलीय?" सॅवने विचारलं. "कुठे?"

"खाली. मागच्या बाजूला. म्हणजे... पुढेही थोडी."

"मग नवी टाक. होईल ते बिल लाव. मी कधी नाही म्हटलंय?"

"या मॉडेलची मिळत नाही आता. खरंच... खरंच सांगतोय."

सॅवने खिशातून किल्ली काढली. तिला बायकोने अडकवलेला संत क्रिस्टोफरचा बिल्ला होता, प्रवासात सांभाळणारा. तो त्याने चाचपडत सोडवला आणि खिशात टाकला. किल्ली काउंटरवर ठेवताना त्याच्या हाताने पेनांचा डबा पाडला.

"कार्मेनचा फोन आला होता ना?"

ट्रेंट वाकून पडलेली पेनं गोळा करू लागला.

"अरे, इतकी वर्षं तू काय काय माझ्या गळ्यात मारलंस, पण एकदाही तुझी जीभ अडखळली नाही. आज पहिल्यांदाच ती अडखळताना ऐकतोय." काउंटरची कड धरून सॅव उठला. "चल, घरी सोड मला. आणि तिला सांग, म्हाताऱ्याला खरं वाटलं."