शिऱ्याची वाटी

मोरीत ओकून मी बाहेर आले, तर सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभ्या. चेहरा नुसता फुललेला. "कधीपासून होतंय असं?" त्यांनी विचारलं आणि माझं उत्तर न ऐकताच देवापुढे साखर ठेवायला गेल्या.

दिवस वगैरे काही गेले नव्हते. दुपारी त्यांनी आग्रहाने वाढलेली पुरणपोळी मी अख्खी खाल्ली होती, एवढंच. लग्नाच्या आदल्या वर्षी वजनासाठी माझं ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग कापून टाकला, उरलं ते केळ्याएवढं. "आता स्थळं येतील. सासरी मात्र चकार शब्द काढू नकोस," आईने बजावलं होतं. स्थळ आलंही. त्यांची एकच अट होती, मुलगी सडपातळ हवी. इथे सगळ्यांना वाटतं, मी जन्मापासूनच अशी शेलाटी आहे.

सासूबाईंनी नणंदेला फोन करून टाकला, माझ्या हातातली केरसुणी काढून घेतली आणि साजूक तुपातला शिरा केला. वाटी घेऊन माझ्यासमोर बसल्या. "माझ्या वेळी मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. "तुझं मी सगळं करीन. आता दोन जिवांचं खायचं."

त्या डोळ्यांकडे बघून मला राहवेना. जे व्हायचं ते होऊ दे, असं ठरवून मी सांगायला तोंड उघडलं.

त्यांनी लगेच पहिला घास भरवला.